अप्पाजीच्या कानाऐवजी काटा

अप्पाजी मेकॅनिकला ऐकू येईनासं झालंय हे त्याच्या बायकोनंतर धारवाडात सगळ्यांत आधी मला कळलं. यात माझी हुशारी काही नाही. मी त्याच्यावर ओरडत होते आणि तो लक्ष देत नव्हता, एवढंच.

माझी गाडी नव्याण्णव सालची. एकेकाळी पांढरी होती. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होते तेव्हा घेतली, निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली तरी तीच चालवते, आणि ‘या वयात कशाला’ असं विचारणाऱ्यांना मी गाडीत घेत नाही. गेल्या डिसेंबरात ती सिग्नलला उभी राहिली की इंजिन आपोआप चढायला-उतरायला लागलं, आणि मागून काळा धूर. सुभाष रोडच्या मागच्या बोळात अप्पाजीची पत्र्याची शेड आहे. पहिल्यापासून गाडी त्याच्याकडेच, म्हणून तिथे नेली. त्यानं बॉनेट उघडलं, चालू इंजिनावर तळहात ठेवला, थोडा वेळ डोळे मिटले आणि म्हणाला, “बरी हाय की, बाई. काय झालेलं न्हाई.”

“बरी आहे? बोळाच्या तोंडाशी पानवाला बसतो त्याला ऐकू येतंय ही कशी वाजतेय, आणि तुला बरी वाटते?”

तो वाकलेलाच. मी त्याच्या पाठीमागे उभी होते. “अप्पाजी, मी तुझ्याशी बोलतेय.” काही नाही. “अप्पाजी, शेडला आग लागलीय.” तरी काही नाही. मग मी वळसा घालून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यानं मान वर केली, माझ्या ओठांकडे पाहिलं, आणि मला कळलंय हे त्याला कळलं.

“कधीपासून?” मी विचारलं.

“दोन वर्सं झाली, बाई. कुणाला सांगू नगा.”

दुसऱ्या कुणाला ऐकू येईनासं झालं असतं तर मी म्हटलं असतं, वय झालं, चालायचंच. पण अप्पाजीचं सगळं नाव कानावर होतं. चौदाव्या वर्षी तो अळणावरात लाकडाच्या गिरणीत लागला. तिथं करवतीच्या आवाजावरून लाकडात खिळा आहे की गाठ आहे हे तो सांगायचा. गिरणीच्या मालकाची जीप बंद पडली की तीही त्याच्याकडेच. मग धारवाडला आला. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि बाकी जगाला गप्प करायचं, ही त्याची पद्धत. एकदा एका वकिलांची गाडी बोळात शिरत होती, अप्पाजी समोरच्या टपरीवर चहा पीत होता, कप खाली न ठेवता म्हणाला, “तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह गेलाय, आत नगा आणू, तिथंच उभी करा.” वकील चिडले. इंजिन उघडलं तर तिसऱ्याचाच. तेव्हापासून ते वकील त्याला न विचारता गाडीचा आरसासुद्धा बदलत नसत. पुढे ते वारले आणि मुलानं नवी गाडी घेतली.

हीच खरी अडचण. नव्या गाड्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जातात; तिथं पोरं वायर जोडून पडद्यावर वाचतात. अप्पाजीकडे उरल्या त्या आमच्यासारख्यांच्या जुन्या गाड्या, आणि त्यांतलं मोठं काम श्रीहर्षचं. हा माझा जुना विद्यार्थी. अभ्यासात बेताचा, व्यवहारात पक्का. हुबळीला विद्यानगरात राहतो, त्याच्याकडे चार जुन्या गाड्या आहेत, लग्नाला, वरातीला भाड्यानं देतो. त्या चार गाड्या होत्या म्हणून शेड होती. श्रीहर्षला बहिरेपणाचं कळलं तर गाड्या जाणार, गाड्या गेल्या तर शेड जाणार, आणि सत्तावन्नाव्या वर्षी अप्पाजीला दुसरं काही येत नाही.

“कानाचं मशीन घेतलंस का?” मी विचारलं.

“घेतलं की. शिबिरात दिलं.” त्यानं खण उघडून दाखवलं. नट-बोल्टांच्या डब्यात पडलं होतं. “हे घातलं की सगळं एकदम येतं बघा. पंखा, ग्राइंडर, कुत्रं, हिचं बोलणं. समदं एका उंचीचं. इंजिन तेवढं डबा वाजवल्यागत. त्यात काय ऐकायचं?”

‘हिचं’ म्हणजे बायकोचं, चंद्रभागेचं. ती शेडच्या मागच्या खोलीतून डबा घेऊन येत होती. म्हणाली, “माझं ह्यांनी ऐकलंय कधी? कान चांगले हुते तवाबी न्हाई. आता इंजिन बोलंना म्हणून जेवण सुटलंय.”

“काय म्हणते?” अप्पाजीनं मला विचारलं.

“जेव म्हणते.”

“तेवढंच न्हाई म्हणाली ती,” तो म्हणाला. हसला मात्र.

त्या दिवशी मी समोर उभी राहून, हातानं वर-खाली करून त्याला इंजिन कसं वाजतंय ते सांगितलं. त्यानं एक छोटी रबरी नळी उपटली, उलटी केली. नळीतून पेट्रोल ठिबकलं. त्यानं वास घेऊन मान हलवली. “पडदा फाटलाय.”

ज्यांनी बॉनेट कधी उघडलं नाही त्यांच्यासाठी सांगते. इंजिनाला पेट्रोल ठराविक दाबानं मिळावं लागतं. त्यासाठी एक मुठीत मावेल एवढी डबी असते. आत रबराचा पडदा, त्यावर स्प्रिंग. दाब वाढला की पडदा उचलतो आणि जास्तीचं पेट्रोल टाकीत परत जातं. हिला रेग्युलेटर म्हणतात. माझ्या रेग्युलेटरचा पडदा फाटून पेट्रोल हवेच्या नळीतून सरळ इंजिनात शिरत होतं. पंचवीस वर्षांपूर्वीच्या गाडीचा हा भाग हुबळीत मिळेना, बेळगावात मिळेना. मी पुतण्याला, निखिलला, बेंगळुरूला फोन केला. तो म्हणाला, “आत्या, मूळचा मिळणार नाही. बाहेरचा मिळतो. स्क्रूनं दाब कमी-जास्त करता येतो आणि वर काटा असतो, दाब किती ते दिसतं.”

दिसतं! मी फोन ठेवला आणि तशीच शेडवर गेले. अप्पाजीला समोर बसवलं.

“तुला ऐकू येत नाही ना? मग बघ. काट्यावर आकडा दिसेल. आकडा बरोबर तर इंजिन बरोबर. आवाज कशाला पाहिजे?”

“आकड्यानं भागतंय व्हय?” तो म्हणाला.

“भागतं. साऱ्या जगाचं भागतं. कान चुकतो, आकडा चुकत नाही.”

हे वाक्य मी तीस वर्षं वर्गात म्हणत होते.

पार्सल यायला बारा दिवस लागले. तेवढ्यात श्रीहर्षच्या कानावर काहीतरी आलं होतं. त्याची एक गाडी अप्पाजीनं काम करून परत दिली आणि ती वरातीत बंद पडली. तो शेडवर येऊन गेला. वाईट बोलला नाही. म्हणाला, “अप्पाजी, मॅडमच्या गाडीला नवीन काहीतरी बसवतोयस म्हणे. बसव. रविवारी सकाळी मी स्वतः चालवून बघतो. चांगली झाली तर माझ्या चारही गाड्यांना तेच बसवू.” चांगली झाली नाही तर काय, हे त्यानं सांगितलं नाही. अप्पाजीला त्याच्या ओठांवरून तेही वाचता आलं असावं. तो मला येऊन म्हणाला, “रविवार, बाई. रविवारी निकाल.”

शनिवारी सकाळी नऊला आम्ही सुरुवात केली. ‘आम्ही’ म्हणजे तो हातानं आणि मी तोंडानं.

एक सांगते, काम करताना अप्पाजी बघण्यासारखा होता. पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज काढून त्यानं इंजिन बंद पडेपर्यंत चालवलं, म्हणजे नळीत उरलेलं पेट्रोल संपून दाब उतरला. मग बॅटरीची तार सोडली. जुन्या डबीचे दोन बोल्ट सोडताना खाली फडकं धरलं, एक थेंब तापल्या पत्र्यावर पडू दिला नाही. त्या जागी पट्टी बसवली, गोल रबर तेलात बुडवून लावलं. रेग्युलेटर त्यानं इंजिनाच्या मागच्या भिंतीवर स्क्रूनं पक्का केला, पेट्रोलची नळी बाजूनं आत, परतीची खालून टाकीकडे, वरची बारीक नळी हवेच्या वाटेला. प्रत्येक जोडाला क्लिप, प्रत्येक क्लिपला दोनदा पाना. कानाचं काम त्यात कुठेच नव्हतं. दोन तास तो पूर्वीचा अप्पाजी होता.

मग काटा कुठे बसवायचा यावरून आमचं जुंपलं. मला तो आत, माझ्या समोर हवा होता. गाडी चालवताना आकडा दिसेल.

“न्हाई,” अप्पाजी म्हणाला.

“न्हाई काय? नळी लांब घे आणि आत आण.”

“बाई, पेट्रोलची नळी माणसं बसत्यात तिथं न्यायची न्हाई. कुठं सुटली तर तुमच्या मांडीवर पेट्रोल. न्हाई म्हंजे न्हाई.”

मी चिडले. त्याच्याकडून ‘न्हाई’ ऐकायची मला सवय नव्हती. पण तो हातात पाना धरून असा उभा राहिला की शेवटी मीच म्हटलं, “बरं बाबा, लाव तिथंच.” काटा बॉनेटच्या आत, रेग्युलेटरवरच बसला. चंद्रभागा दारातून बघत होती. म्हणाली, “बाईस्नी न्हाई म्हणाले! आज काय पाऊस पडतोय का?”

तो काटा म्हणजे छोटं गोल गेज. काचेच्या आत पातळ मधासारखं ग्लिसरीन भरलेलं, काटा थरथरू नये म्हणून. डोक्यावर रबराचा एक छोटा कोंब. अप्पाजीनं बसवण्याआधी गेज हातात फिरवलं, खिशातून ब्लेड काढलं आणि त्या कोंबाशी नेलं.

“अरे अरे! काय करतोस?” मी त्याचा हात धरला. “नवी कोरी वस्तू कापतोस? सगळं गळून जाईल की.”

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग ब्लेड मिटून खिशात घातलं.

माहितीपत्रक मी वाचून दाखवत होते. बारीक इंग्रजी, चार घड्या. पहिल्या पानावर बसवायची आकृती होती. तेवढी मी वाचली. वरची हवेची नळी काढून ठेवायची, इंजिन चालू करायचं, आणि स्क्रू फिरवून काटा त्रेचाळीस पौंडांवर आणायचा. अप्पाजीनं आधी नुसती चावी फिरवून प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राची पट्टी धरली. पट्ट्या कोरड्या. मग इंजिन. काटा उठला, चाळीसवर आला. अप्पाजीनं स्क्रू पाव फेरा आत घेतला. एकेचाळीस. बेचाळीस. त्रेचाळीस.

“बघ!” मी म्हटलं. “आता ऐकायची गरज आहे का?”

तो त्या काट्याकडे असा बघत होता की मला दुसरीकडे बघावं लागलं. “चंद्रे,” त्यानं हाक मारली, “हिकडं ये. हे बघ. हे मला दिसूलालंय.”

इंजिन त्या वेळी छान चालत होतं. मला ऐकू येत होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

पंधरा-वीस मिनिटांत इंजिन तापलं आणि काटा उतरायला लागला. चाळीस. अडतीस. शेवटी छत्तीसवर थांबला. अप्पाजीनं माझ्याकडे पाहिलं.

“दाब पडतोय,” मी म्हटलं. “स्प्रिंग नवीन आहे, बसत असेल. वाढव.”

त्यानं स्क्रू आत घेतला. त्रेचाळीस. अर्ध्या तासानं परत एकोणचाळीस. परत स्क्रू. परत त्रेचाळीस. तो मध्येच नाक वर करून थांबला. “बाई, कच्च्या पेट्रोलचा वास येऊलालाय.”

“जुना वास असेल, सकाळचा.”

“न्हाई, मागच्या नळकांड्यातनं.”

“अप्पाजी, वास म्हणजे पुरावा नाही. काटा काय म्हणतो?”

“त्रेचाळीस.”

“मग झालं.”

आणि आवाज? मला ऐकू येत होतं ना? येत होतं. इंजिन किंचित जड वाजत होतं. पण मी काट्याकडे बघत होते. ज्याला कान नव्हते तो नाकानं सांगत होता, जिला कान होते ती डोळ्यांनी आकडा वाचत होती.

रविवारी श्रीहर्ष दहाला आला. पांढरा शर्ट, हातात चाव्यांचा जुडगा. मला नमस्कार केला, अप्पाजीच्या पाठीवर थाप मारली. बॉनेट उघडून काटा बघितला. “झकास बसवलंयस.” गाडी आधीच तापवून ठेवली होती, काटा त्रेचाळीसवर. तो चालवायला बसला, मी शेजारी, अप्पाजी मागे. अप्पाजीनं धुतलेला शर्ट घातला होता आणि केसांना तेल.

नवलूरपर्यंत जायचं ठरलं. जाताना वेगात गाडी ठीक होती. एकदोनदा आचके दिले. परत येताना गर्दी लागली, गाडी थांबू लागली, आणि थांबली की इंजिन हेलकावे खायला लागलं. आरशात काळा धूर मला दिसत होता. पेट्रोलच्या वासानं डोळे चुरचुरायला लागले.

रस्त्यावरची नजर न काढता श्रीहर्ष म्हणाला, “अप्पाजी, ही अशी का वाजतेय?”

मागून उत्तर नाही. बोलणाऱ्याचं तोंड पुढे, अप्पाजी मागे. त्याला काय दिसणार? श्रीहर्षनं मग कानडीत, जरा मोठ्यानं, ऐकू येतंय का असं विचारलं, “अप्पाजी, केळस्तैतेन्री?”

“तो विचार करतोय,” मी म्हटलं.

“मॅडम, मी त्याला विचारलं.”

तेवढ्यात अप्पाजी आपणहून पुढे वाकला. इतक्या जवळून की त्याच्या तेलाचा वास आला. खुशीत होता. म्हणाला, “सायेब, काटा बघितलासा न्हवं? त्रेचाळीस. एकदम करेक्ट.”

त्याच्या बोलण्यावर इंजिन एकदा खोकलं, वर चढलं, आणि टोल नाक्याच्या अलीकडे बंद पडलं. शेजारच्या, जलद बससाठीच राखलेल्या वाटेनं चिगरी बस गेली, आतली सगळी माणसं आमच्याकडे बघत. श्रीहर्षनं चावी फिरवली. नुसतं घरघरलं. परत फिरवली. अप्पाजी मागे बसून होता. गाडी का थांबली हे त्याला कळलं नव्हतं. त्याला वाटलं, सिग्नल असेल. श्रीहर्षनं आरशात त्याचा चेहरा पाहिला. मग मान वळवून, त्याच्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, “गाडी बंद पडलीय, अप्पाजी.”

अप्पाजी खाली उतरला. बॉनेट उघडून काट्याकडे बघत उभा राहिला. आता तिथं बघण्यासारखं काही नव्हतं.

श्रीहर्ष त्याला एक शब्द टाकून बोलला नाही. टाकून बोलला असता तर मी भांडले असते. रिक्षा थांबवताना तो मला म्हणाला, “गाड्या सध्या घरीच असू देत, मॅडम. हुबळीत एक जण आहे, त्याच्याकडे बघतो.” अप्पाजीला त्यानं नुसता हात केला.

घरी आल्यावर मी ते माहितीपत्रक काढलं, माहितीपत्रकच वाईट आहे हे सिद्ध करायला. चारही घड्या उलगडल्या. मागच्या बाजूला, शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं, की गेज बसवल्यावर डोक्यावरच्या रबराचं टोक कापून गेजच्या डबीला हवा खुली करावी. नाहीतर उष्णतेनं आतला द्रव फुगतो आणि काटा खऱ्यापेक्षा कमी दाब दाखवतो.

हे मला कागदावर वाचायची गरज पडावी! काटा दाब मोजत नाही, तो फरक मोजतो: नळीतला दाब आणि डबीतला दाब यांमधला. डबी गच्च बंद, ग्लिसरीन तापून फुगलेलं, डबीतला दाब वाढलेला, म्हणून काटा खाली. पेट्रोलचा दाब कधी पडलाच नव्हता. आम्ही तो प्रत्येक स्क्रूबरोबर वाढवत गेलो. हा प्रश्न मी बी.एस्सी.च्या पेपरात घातलेला आहे. बऱ्याच मुलांना पाचपैकी पाच गुण मिळाले होते.

सोमवारी सकाळी शेडवर गेले. अप्पाजी बाकावर बसला होता, हातात काही नव्हतं. मी समोर उभी राहिले, गेजचा कोंब दाखवला आणि सांगितलं, चूक माझी. हा कापायला हवा होता.

“व्हय,” तो म्हणाला. “म्हाईत हाय.”

“माहीत आहे?”

“अळणावरात लाकडाच्या क्रेनवर असलीच गेजं हुती. नवीन आलं की आधी तो कोंब कापायचा. न्हाईतर दुपारी काटा खोटं बोलतो.”

“मग मी हात धरला तेव्हा बोलला का नाहीस? तोंड होतं ना?”

तो थोडा ओशाळला. “त्या दिवशी नळीवरनं एकदा न्हाई म्हटलं हुतं की तुम्हास्नी. एका दिवसात दोनदा कसं म्हणायचं, बाई?”

आतल्या दारातून चंद्रभागा म्हणाली, “तुम्हास्नी दोनदा म्हणवत न्हाई व्हय. मला दिवसातनं धा वेळा न्हाई म्हणत्यात.” मग तिला रडू आलं आणि ती आत गेली. अप्पाजीला तिचं बोलणंही कळलं नाही आणि रडणंही. ती आत का गेली, असं त्यानं मला विचारलं.

मी तिथूनच श्रीहर्षला फोन केला. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. माझी चूक, अप्पाजीची नाही, तो बरोबर करणार होता, मी अडवलं. श्रीहर्षनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मॅडम, पटलं. पण मी मागे वळेपर्यंत गाडी बंद पडल्याचं त्याला कळलं नव्हतं. उद्या वरातीत गाडी बंद पडायच्या आधी ती बिघडतेय, हे त्याला कोण सांगणार?”

मी फोन ठेवला. अप्पाजी माझ्या ओठांकडेच बघत होता, त्यामुळे निरोप सांगायची वेळ आली नाही.

मग तो उठला. म्हणाला, “तुमची गाडी तर नीट करूया.” त्यानं प्लग काढले, काजळीनं काळेकुट्ट झाले होते, घासून लावले. ब्लेडनं कोंब कापला. थंड इंजिनावर स्क्रू मागे घेत घेत काटा त्रेचाळीसवर आणला. इंजिन तापेपर्यंत आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो. काटा हलला नाही. त्यानं हवेची नळी परत जोडली. काम चोख होतं. धारवाडात त्या दिवशी दुसऱ्या कुणी याहून चांगलं केलं नसतं.

“बाई,” तो म्हणाला, “आता कशी वाजती, सांगा.”

“छान.”

“छान म्हंजे?”

मी ऐकलं. खरंच मन लावून ऐकलं. “एकसारखी. कुठे अडखळत नाही.”

“ते झालं. पन खालनं कशी हाय? घशातनं येती का छातीतनं? शेवटी उसासा हाय का?”

मला कळेना तो काय विचारतोय. मी एम.एस्सी. आहे, ध्वनी हा विषय दहा वर्षं शिकवला, आवाजाची उंची आणि तीव्रता फळ्यावर मांडून दाखवली. घसा कुठला आणि छाती कुठली, मला काही ऐकू आलं नाही. मी खोटं बोलायची नाही, म्हणून म्हटलं, “मला नाही सांगता येत, अप्पाजी.”

“ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला. त्यानं तळहात इंजिनावर ठेवला, थोड्या वेळानं काढला आणि फडक्याला पुसला.

दोन महिने तो शेड उघडून बसला. माझ्यासारख्या दोन-तीन जणांनी नसलेली कामं काढून दिली. त्याला ते समजत होतं आणि त्यानं एकदा तसं तोंडावर सांगितलंही. त्या गेजची आणखी दोन माणसांना शिफारस करावी असं माझ्या मनात आलं होतं. पण दाब हा इंजिनाच्या शंभर दुखण्यांतल्या एकाचा आकडा आहे. व्हॉल्व्हला काटा नाही, बेअरिंगला नाही, चेनला नाही. एवढं मला आधी सुचायला हवं होतं. सुचलं असतं तर मी त्याला असली आशा लावली नसती.

मार्चअखेर शेड रिकामी झाली. पाने-पक्कड त्यानं बोळातल्याच एका मोटरसायकलवाल्याला दिले. लांब स्क्रूड्रायव्हर द्यायचा की नाही यावर त्याचं आणि चंद्रभागेचं वाजलं. तिचं म्हणणं ठेवा, त्याचं म्हणणं कशाला. दिला. आता तिथं मोबाइलच्या काचा बदलून देतात.

अप्पाजी हल्ली धारवाडबाहेर बेलूरच्या औद्योगिक वसाहतीत जातो. तिथल्या कारखान्यांना कंत्राटावर माणसं पुरवणाऱ्या एकानं त्याला प्रेस शॉपमध्ये चिकटवलं. तिथं दिवसभर पत्रे ठोकून त्यांना आकार देतात. अप्पाजी ठोकलेले पत्रे उचलून ढिगाला लावतो. सकाळी सहाच्या बसनं जातो, चारला येतो. मागच्या आठवड्यात चंद्रभागा भाजीच्या दुकानात भेटली. काय म्हणतो, विचारलं. म्हणाली, बरं चाललंय, तिथं कुणी कुणाशी बोलतच नाही, हातवाऱ्यानंच काम. आत शिरताना सगळ्यांना कानात घालायची बोंडं देतात. सुपरवायझर दारात उभा राहून बघतो, म्हणून तोही घालतो.